खनिज ओळखायचं फील्ड किट: पायराइट समजून फेकून द्यायच्या आधी

आधीच सांगते, हा रिव्ह्यू सगळ्या प्रकारच्या दगडांसाठी नाहीये. स्फटिक, अगेट, झिओलाइट असलं गोळा करणाऱ्यांना या किटबद्दलचं माझं मत फारसं कामाचं नाही. मी हे किट घेतलं ते एकाच कारणासाठी, धातूसारखी चमक असलेली दुर्मिळ खनिजं जागेवर उभं राहून कितपत ओळखता येतात ते बघायचं होतं, आणि त्यातही माझं खास वेड म्हणजे टेल्युराइड, म्हणजे सोनं किंवा चांदी टेल्युरियमशी जोडली जाऊन झालेली खनिजं, कॅलाव्हराइट, सिल्व्हेनाइट वगैरे मंडळी.

कारण असं की पायराइटला (लोह आणि गंधकाचं, सोन्यासारखं चमकणारं साधं खनिज) सोनं समजून फसणाऱ्यांचे किस्से सगळ्यांनाच माहीत असतात, पण उलटी फसगत जास्त महागात पडते आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. फिकट पितळी रंगाचा चकचकीत दगड दिसला की "हॅ, पायराइट" म्हणून मागे टाकायचा आणि तो निघायचा कॅलाव्हराइट, ज्यात वजनाच्या ४० टक्क्यांच्या आसपास सोनं असतं! ऑस्ट्रेलियात कालगुर्लीला १८९३ मध्ये सोनं सापडलं तेव्हा तिथे असंच झालं म्हणतात, असला माल फालतू समजून रस्त्यातले खड्डे बुजवायला वापरला आणि १८९६ मध्ये त्यात टेल्युराइड आहे हे कळल्यावर लोकांनी तेच रस्ते परत उकरले. तर किटकडून माझी अपेक्षा एवढीच होती की मला चुकीचा दगड फेकू देऊ नये. सोनं सापडवून दे असं माझं म्हणणं नव्हतं.

किटमध्ये काय काय येतं ते भराभर सांगते. चेन लावायचा कापडी पाउच, त्यात दोन भिंगं, कठीणपणा तपासायच्या दोन्ही बाजूंना टोकं असलेल्या पेनांचा सेट, एक पांढरी आणि एक काळी स्ट्रीक प्लेट, काडीवर बसवलेला लोहचुंबक, हुकवाला छोटा डिजिटल वजनकाटा, पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडची ड्रॉपर बाटली, यूव्ही टॉर्च, फोम घातलेल्या प्लास्टिकच्या डब्या, लेबलं आणि एक पुस्तिका. यादी भारी वाटते. प्रत्यक्षात माझ्या खास कामाच्या निघाल्या तीन वस्तू, बाकीचं बरंचसं ओझं.

सगळ्यात कामाची आहे पांढरी प्लेट. दिसायला काहीच नाही, ग्लेझ नसलेल्या पोर्सिलेनचा चौकोनी तुकडा, पण धातूसारख्या खनिजांचा बाहेरचा रंग सतत थापा मारतो आणि घासल्यावर पडलेल्या चूर्णाचा रंग, म्हणजे कस, सहसा मारत नाही. बोर्नाइट (तांब्याचं एक खनिज) ताजं फुटलेलं असेल तर तपकिरी ब्राँझसारखं आणि चार दिवस हवेत राहिलं की मोरपंखी निळं-जांभळं, कॅल्कोपायराइट या तांब्याच्याच दुसऱ्या खनिजावरही तसलेच रंग चढतात, त्यामुळे नुसतं बघून काय ठरवणार. हेमॅटाइट हे लोहखनिज काळं-रुपेरी कितीही चमको, प्लेटवर लालसर तपकिरीच उतरतं, मॅग्नेटाइट हे दुसरं लोहखनिज काळं, पायराइट हिरवट काळं. खरं सोनं मात्र पिवळीच रेघ सोडतं, आणि हा फरक एका सेकंदात दिसतो. कॅलाव्हराइटची रेघ पिवळसर ते हिरवट राखाडी येते, म्हणजे पायराइटच्या रेघेपेक्षा बरीच फिकी, पण इथे सावध राहायला हवं कारण उन्हात आणि सावलीत ती वेगळी वाटते, मी नेहमी अंगाच्या सावलीत प्लेट धरून बघते आणि शेजारी ओळखीच्या पायराइटची रेघ मारून ठेवते. तुलना शेजारी असली की डोळा फसत नाही. पायराइटचा एक साधा तुकडा किटमध्येच दिला असता तर किती बरं झालं असतं, फुकटात मिळणारी वस्तू आहे ती.

प्लेटची मर्यादा पण सांगायला हवी. पोर्सिलेनचा स्वतःचा कठीणपणा मोस स्केलवर (कठीणपणाची १ ते १० ची मोजपट्टी) साडेसहा-सातच्या आसपास असतो, त्याहून कठीण दगड घासला तर दगडाचं चूर्ण पडायच्या ऐवजी प्लेटच खरवडते आणि पांढरी पूड दिसते, नवखा माणूस लिहून घेतो की कस पांढरा! स्परीलाइटचं घ्या, प्लॅटिनम आणि आर्सेनिकचं खनिज, कॅनडात सडबरीला मिळालेलं, १८८९ मध्ये त्याचं वर्णन झालं आणि फ्रान्सिस स्पेरी या रसायनतज्ज्ञाचं नाव त्याला दिलं गेलं, ते ६ ते ७ कठीण. त्याचा काळा कस या प्लेटवर मिळाला तर मिळाला. शिवाय त्याचे स्फटिक बहुतेक वेळा इतके बारीक की घासायला मन धजत नाही, तिथे भिंगच.

काळ्या प्लेटला मी आधी नावं ठेवणार होते, कारण ती पांढऱ्या कसाच्या खनिजांसाठी असते आणि धातूसारख्यांचा कस बहुतेक गडदच. पण शुद्ध धातू, म्हणजे नैसर्गिक सोनं किंवा चांदी, काळ्यावर जास्त उठून दिसतात, सोनाराची कसोटी काळी असते ती उगीच नाही. तेव्हा ती राहू दे.

प्लेटची अजून एक गंमत पुस्तिकेत कुठेच लिहिलेली नाही. मॉलिब्डेनाइट (मॉलिब्डेनम धातूचं खनिज) आणि ग्रॅफाइट (पेन्सिलीत असतं ते), दोन्ही मऊ, दोन्ही राखाडी, दोन्ही बोटाला काळं लावणारी, दोन्हींचे पापुद्रे निघतात. इतकी सारखी की शेले या रसायनतज्ज्ञाने १७७८ मध्ये ती वेगळी असल्याचं दाखवेपर्यंत लोक त्यात गोंधळ करत होते. जागेवर ओळखायचं असेल तर ग्लेझवाल्या पोर्सिलेनवर घासायचं, मॉलिब्डेनाइटची रेघ हिरवट झाक दाखवते, ग्रॅफाइटची काळीच राहते. किटमधल्या प्लेटला मागच्या बाजूला ग्लेझ आहे, म्हणजे सोय आहे, फक्त सांगितलेलं नाही. मॉलिब्डेनाइटचा रंगसुद्धा किंचित निळसर असतो आणि हातात घेतल्यावर ते जड लागतं, ग्रॅफाइटच्या दुप्पट तरी.

जडपणावरून आठवलं, या किटमधली दुसरी कामाची वस्तू म्हणजे तो हुकवाला काटा, आणि तुमच्या डोक्यात टेल्युराइड असेल तर मी त्याला पहिला नंबर देईन. दगड दोऱ्याने हुकला लटकवायचा, हवेतलं वजन घ्यायचं, मग तसाच लटकलेला पाण्यात बुडवायचा (भांड्याच्या तळाला किंवा कडेला टेकू द्यायचा नाही) आणि परत वजन घ्यायचं. हवेतल्या वजनाला दोन वजनांतल्या फरकाने भागलं की विशिष्ट गुरुत्व, म्हणजे दगड पाण्याच्या किती पट जड ते. पायराइट ५, कॅल्कोपायराइट ४.२ च्या आसपास, गॅलेना (शिशाचं खनिज) ७.५, सिल्व्हेनाइट ८ च्या थोडं वर, कॅलाव्हराइट ९ च्या थोडं वर, नैसर्गिक बिस्मथ ९.७. म्हणजे २० ग्रॅमचा तुकडा पाण्यात १६ भरला तर तो पायराइट म्हणून सोडा, १७.८ भरला तर खाली बसा आणि पाणी प्या. काटा ०.१ ग्रॅमपर्यंतच दाखवतो, पण २० ग्रॅमच्या तुकड्याला तेवढं पुरतं, एक खाना इकडेतिकडे झाला तरी ९ चं ५ होत नाही. ३ ग्रॅमच्या तुकड्याला मात्र हा काटा अगदी निरुपयोगी, तिथे येणारा आकडा साडेसातही असू शकतो आणि दहाही.

पुस्तिका वजनाची पद्धत नीट सांगते पण दोन गोष्टी गाळते. एक, खडबडीत दगडाला हवेचे बुडबुडे चिकटतात आणि उत्तर कमी येतं, पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला की ते सुटतात. दुसरी जास्त महत्त्वाची. दगडात क्वार्ट्झ (गारगोटी) मिसळलेला असेल, आणि तो असतोच, तर आकडा पार खाली येतो. हिशोब करून बघा, आकारमानाने ४० टक्के कॅलाव्हराइट आणि बाकी क्वार्ट्झ असला तर सरासरी ५.३ च्या आसपास येते, म्हणजे नेमकी पायराइटच्या शेजारी जाऊन बसते! काटा खोटं बोलत नाही, पण तुम्ही त्याला विचारताय दुसऱ्याच वस्तूबद्दल. म्हणून मिश्र तुकड्याच्या आकड्यावर मी काहीच ठरवत नाही, तिथे पेन काढते.

पेनं ही तिसरी कामाची वस्तू. एका टोकाला तांबं, ते साधारण ३ चं, बाकी टोकं वेगवेगळ्या मिश्रधातूंची. पायराइट ६ ते साडेसहा, त्यामुळे ५ च्या टोकाने त्याच्यावर काही उमटत नाही. कॅलाव्हराइट अडीच ते तीन, त्याला तांब्याचं टोकही जेमतेम ओरखडा काढतं आणि ५ चं तर आरामात. कॅल्कोपायराइट साडेतीन ते चार, ते मधे येऊन घोटाळा करू शकतं, म्हणून आधी तांबं आणि मग ५ अशा क्रमाने जायचं. ओरखडा कसा पडला तेही भिंगातून बघा, सोन्यावर टोक रुतून गुळगुळीत चर पडते आणि भुगा होत नाही, कॅलाव्हराइट ठिसूळ असल्याने पूड निघते. या एका निरीक्षणावरून खरं सोनं आणि त्याचं टेल्युराइड वेगळं काढता येतं. पेनांची टोकं चांगल्या धातूची आहेत, बराच वापर होऊनही बोथट झाली नाहीत, फक्त वरचे आकडे पुसले गेले, मी नेलपेंटने खुणा केल्यात. आणि कृपा करून स्फटिकाच्या चांगल्या, दर्शनी बाजूवर पेन चालवू नका, मागे किंवा तुटलेल्या कडेला, तेही मिलिमीटरभर. दुर्मिळ नमुना तपासता तपासता खराब करणारे महाभाग कमी नाहीत.

भिंगांचं सांगते. दोनातलं दहापट वालं ट्रिपलेट (तीन काचा जोडलेलं भिंग) ठीक आहे, कडेला रंगीत झालर येत नाही, चित्र सपाट दिसतं. दुसऱ्यावर ४० पट असं छापलंय, ते मुलांना खेळायला द्या. दहापट भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवून धरायचं आणि दगड इंचभर अंतरावर आणायचा, लोक भिंग दगडावर धरून लांबून बघतात आणि मग म्हणतात काही दिसत नाही. बघायचं काय, तर पायराइटच्या घनाकृती स्फटिकाच्या बाजूंवर समांतर रेघा असतात आणि शेजारच्या बाजूवरच्या रेघा त्यांना काटकोनात. कॅलाव्हराइटचे स्फटिक लांबट पट्ट्यांसारखे आणि रेघा लांबीच्या दिशेने, आणि ते फुटतं वेडंवाकडं, त्याला पाटन, म्हणजे ठरावीक सपाट पातळीवर फुटणं, नाही. सिल्व्हेनाइट उलट, एका दिशेला सुरेख पाटन, चांदीसारखं चकाकतं आणि कधीकधी दगडावर कोणीतरी अक्षरं गिरवल्यासारखं पसरलेलं दिसतं. ते इतकं मऊ, दीड ते दोन, की नखाने ओरखडा पडतो.

पुस्तिकेवर माझा सगळ्यात जास्त राग आहे. सगळे तक्ते रंगावरून लावलेत, "पिवळी धातुसदृश", "रुपेरी धातुसदृश", आणि गोल्ड टेल्युराइड सगळी मिळून एका ओळीत उरकलीत. अवतीभवतीच्या खडकाबद्दल चकार शब्द नाही, खरं तर अनुभवी माणूस आधी तेच बघतो. कोलोरॅडोत क्रिपल क्रीकला टेल्युराइड मिळतात ती क्वार्ट्झ आणि जांभळ्या फ्लोराइटच्या संगतीने, म्हणजे ज्वालामुखी खडकातल्या शिरेत जांभळं फ्लोराइट दिसलं की तिथले रुपेरी-पितळी ठिपके दोनदा बघायचे. आणि हवेपाण्याने टेल्युराइड कुजलं की टेल्युरियम निघून जातं आणि मागे सच्छिद्र, मातकट पिवळं-तपकिरी सोनं उरतं, ज्याला चमक अशी नसतेच, मोहरी वाटल्यासारखा रंग. चमकणारं शोधत फिरणारा माणूस त्याच्यावर पाय देऊन पुढे जाईल. हे पुस्तिकेत एका फोटोसह यायला हवं होतं.

वरून पुस्तिका सांगते की शंका आली तर लायटरने तापवून बघा. नका हो असलं करू. टेल्युराइड तापवलं की टेल्युरियम उडून जातं आणि सोन्याचे मणी बाहेर येतात हे खरंय, पण तो धूर विषारी आहे, आणि जे रुपेरी खनिज तुम्ही टेल्युराइड समजताय ते आर्सेनिक असलेलं आर्सेनोपायराइट निघालं तर आर्सेनिकचा धूर नाकात. आर्सेनोपायराइटला नुसता हातोडा मारला तरी लसणासारखा वास येतो, तो आपोआप आला तर ओळख पटली म्हणा आणि हात धुवा, मुद्दाम हुंगत बसू नका. टेल्युरियम हे मूलद्रव्य म्युलर या खाण अधिकाऱ्याने १७८२ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियाच्या सोन्याच्या खनिजात ओळखलं, त्याआधी त्यात अँटिमनी असावा असा समज होता. हातात प्रयोगशाळा असलेल्यांनाही ते चकवत होतं, लायटर काय निकाल लावणार.

चुंबक जोरदार आहे, खरं म्हणजे जास्तच जोरदार. नैसर्गिक प्लॅटिनमच्या कणांमध्ये बऱ्याचदा लोह असतं आणि ते चुंबकाला ओढले जातात, नदीच्या काळ्या वाळूतून मॅग्नेटाइट काढून टाकताना हे कणही त्याच्याबरोबर जाऊ शकतात. म्हणून चुंबकाला चिकटलेलं सगळं ताटलीत झटकून भिंगाखाली घालायचं, राखाडी-पांढरा, गोटीसारखा झिजलेला, ठोकल्यावर न फुटता चपटा होणारा कण असेल तर बाजूला ठेवायचा. पिरोटाइट या लोह-गंधकाच्या खनिजाला मात्र हा चुंबक पटकन पकडतो, ब्राँझ रंगाचा पायराइटसारखा तुकडा चुंबकाकडे झुकला की काम झालं.

अ‍ॅसिड आणि यूव्ही टॉर्च या कामात जवळजवळ निरुपयोगी. यूव्हीखाली धातूसारखी खनिजं चमकत नाहीत, विषय संपला. अ‍ॅसिडने कॅल्साइट फसफसतं, म्हणजे आजूबाजूचा दगड कळतो, पण बाटलीचं झाकण घट्ट बसत नाही आणि त्याची वाफ पाउचमध्ये कोंडून स्टीलच्या टोकांना गंज चढायला लागतो. मी बाटली पहिल्याच आठवड्यात बाहेर काढली. कंपनीला कळवलं, उत्तर आलं की बाटली उभी ठेवा. पाठीवरच्या सॅकमध्ये!

आता गोळा करण्याचा भाग, इथे किट सपशेल कमी पडतं. डब्यांमधला फोम खडबडीत आहे, मॉलिब्डेनाइट किंवा सिल्व्हेनाइटसारखं मऊ खनिज त्यावर घासून तेज घालवून बसतं. कापूसही नको, तो स्फटिकांच्या टोकांत अडकतो आणि काढताना टोकं मोडतात. मी मऊ टिश्यूत सैल गुंडाळते, वर वर्तमानपत्र, आणि प्रत्येक नमुना वेगळा. मार्कासाइट (पायराइटचाच भाऊबंद) किंवा कुजायला लागलेलं पायराइट तर चांगल्या नमुन्याच्या आसपासही ठेवू नका, दमट हवेत त्यातून सल्फ्युरिक अ‍ॅसिड तयार होतं आणि डबी, लेबल, शेजारी सगळं खातं. लेबलांवर "नाव" साठी मोठी जागा आणि "ठिकाण" साठी बोटभर. हे उलट हवं, नाव प्रयोगशाळेत बदलू शकतं, जागा नंतर कोणी सांगणार नाही. खडक कुठला, शीर किती जाड, सोबत कुठली खनिजं, अक्षांश-रेखांश, हे तिथेच पेन्सिलने लिहायचं, शाई ओली झाली की पसरते. जमीनमालकाची किंवा खाणीची परवानगी आणि डोळ्यांना गॉगल हे किटमध्ये येत नाही, ते तुमचं तुम्ही आणायचं. जुन्या बोगद्यात शिरायचं नाही, बाहेरच्या टाकाऊ ढिगातच पुरेसं काम असतं.

मग घ्यावं का? टेल्युराइड, प्लॅटिनम गटाची खनिजं, बिस्मथ, मॉलिब्डेनाइट असल्यांच्या मागे असाल तर अख्खं किट घेऊ नका. पांढरी प्लेट, पेनं, चांगलं दहापट ट्रिपलेट आणि ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा सुटं घ्या, वजन निम्मं होईल. अगदी सुरुवात करत असाल आणि शोधाशोध करायचा कंटाळा असेल तर किट चालेल, पाचपैकी तीन देईन, त्यातले दोन पेनांचे. एवढं लक्षात ठेवा की किट तुम्हाला "हे पायराइट नाही" इथपर्यंत खात्रीने नेतं, "हे कॅलाव्हराइटच आहे" इथपर्यंत नेत नाही. क्रेनराइट नावाचं आणखी एक सोन्या-चांदीचं टेल्युराइड जवळजवळ तसंच दिसतं आणि त्यांना वेगळं काढायला क्ष-किरण विवर्तन किंवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचं रासायनिक विश्लेषण लागतं. त्यासाठी ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडाही पुरतो, तो तुटलेल्या कडेचा काढून वेगळ्या पुडीत, त्याच नंबरने ठेवा.

प्लेट काळी पडली की फेकू नका, पाण्याखाली बारीक वॉटरपेपरने घासली की नव्यासारखी होते, माझी अजून तीच चाललीये.